तीसपैकी सतरा

शांघायच्या जिंगआन भागात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ५,०५५ वयस्क माणसांच्या स्मरणशक्तीची पाहणी झाली. त्यासाठी वापरलेली चाचणी मूळची अमेरिकेतली: मार्शल फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तयार केलेली ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’, म्हणजे एमएमएसई. एकूण गुण ३०. आज तारीख काय, आपण कुठे आहोत, मघाशी सांगितलेल्या तीन वस्तू आठवतात का, असे साधे प्रश्न. २४ पेक्षा कमी गुण पडले की स्मृतिभ्रंशाची शंका घ्यायची, हा रिवाज. आता शाळेचे तोंडही न पाहिलेल्या एखाद्या आजींच्या बाजूने या चाचणीचा हिशेब मांडून पाहा. शंभरातून सात-सात वजा करत जायचे, त्याला ५ गुण. लिहिलेली सूचना वाचून तसे करायचे, १ गुण. मनाने एक वाक्य लिहायचे, १. एकमेकांत गुंतलेल्या दोन पंचकोनांची आकृती पाहून काढायची, १. म्हणजे मूळ चाचणीतले ८ गुण असे आहेत, की ते मिळवायला हाताला पाटी-पेन्सिलीची सवय लागते. बाकीचे सगळे बिनचूक आले तरी या आजी २२ वर अडकतात आणि स्मरणशक्ती शाबूत असूनही कागदावर संशयित रुग्ण ठरतात.

ही पाहणी करणाऱ्या झांग मिंगयुआन, रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचण ओळखली. काही प्रश्न त्यांनी तिथल्या वृद्धांना जुळतील असे बदलले. पण त्यांच्या कामाचे खरे मोल पुढच्या पायरीत आहे. चाचणीत संशयास्पद ठरलेल्यांची डॉक्टरांनी स्वतंत्रपणे सविस्तर तपासणी केली. गुण त्या निदानाशी ताडून पाहिले गेले आणि शिक्षणानुसार तीन वेगळे उंबरठे वापरले गेले: निरक्षरांसाठी १७, प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेल्यांसाठी २०, त्यापुढे शिकलेल्यांसाठी २४. चिनी संशोधनात हे आकडे आजही वापरले जातात. एखादी मोजपट्टी ‘प्रमाणित’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते प्रमाणपत्र मोजपट्टीला मिळालेले नसते. विशिष्ट माणसांसाठी, विशिष्ट निर्णयासाठी केलेल्या तिच्या वापराला मिळालेले असते. माणसे बदलली, निर्णय बदलला, की तपासणी पुन्हा करावी लागते. चीनमधल्या परिचर्या-संशोधनाकडे पाहताना मला हीच कसोटी महत्त्वाची वाटते.

कारण तिथे मोजपट्ट्यांची गरज अफाट आहे. २०२० च्या जनगणनेनुसार चीनमध्ये साठी ओलांडलेल्यांची संख्या २६ कोटींहून अधिक होती आणि २०२१ अखेर नोंदणीकृत परिचारिका-परिचारक ५० लाखांवर पोहोचले होते. रुग्ण पडण्याचा धोका किती, बेडसोर होईल का, घरातल्या काळजीवाहू माणसावर ताण किती, हे सगळे त्यांना रोज ठरवावे लागते. साहजिकच परदेशी प्रश्नावल्या चिनी भाषेत आणणे आणि नव्या घडवणे हा संशोधनाचा मोठा प्रांत झाला. त्याची वाट ठरलेली आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीने भाषांतर, मग दुसऱ्याकडून उलट भाषांतर. तज्ज्ञांकडून प्रत्येक प्रश्नाच्या समर्पकतेला गुण. नंतर काहीशे लोकांकडून उत्तरे भरून घेऊन ली क्रॉनबाख यांचा १९५१ चा ‘अल्फा’ काढायचा, तो ०.७० च्या वर गेला की विश्वसनीयता समाधानकारक मानायची. या पायऱ्या आवश्यक आहेत आणि त्या नेटाने करणाऱ्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. मात्र अल्फा सांगतो ते इतकेच, की प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात. एकच गोष्ट पाच तऱ्हांनी विचारली तरी तो फुगतो. त्या शांघायच्या आजींची चाचणी पंधरा दिवसांनी पुन्हा घेतली, तर गुण बहुधा पुन्हा २२ च्या आसपासच येतील. मोजमाप अगदी स्थिर आणि निष्कर्ष साफ चुकीचा. ही चूक बाहेरच्या स्वतंत्र पुराव्याशी ताडून पाहिल्यावरच उघडी पडते. प्रश्नावलीच्या आतली आकडेमोड कितीही केली तरी ती दिसत नाही.

बाहेरचा पुरावा शोधण्याचे काम परिचर्येच्या क्षेत्रात झालेले आहे. बेडसोरचा धोका मोजणारी ब्रेडन मोजपट्टी १९८७ मधली, अमेरिकन. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी तिच्यात त्वचेचा प्रकार आणि उंचीच्या मानाने शरीराची ठेवण हे दोन घटक घातले. पुढे चीनच्या मुख्य भूमीवरील रुग्णालयांत मूळ ब्रेडन, सुधारित ब्रेडन आणि जुनी नॉर्टन अशा तिन्ही मोजपट्ट्या त्याच रुग्णांवर वापरून, प्रत्यक्षात बेडसोर कोणाला होतो ते पाहिले गेले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुधारित मोजपट्टीचे भाकीत अधिक समतोल ठरले. बेडसोर झालेले रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, त्यामुळे हा निकाल शेवटचा मानता येणार नाही. तरी प्रश्न योग्य विचारला गेला: मोजपट्टीने ज्याच्याबद्दल इशारा दिला, त्याचे पुढे झाले काय?

यावर एक आक्षेप येतो. जो तो देश आपापले प्रश्न आणि उंबरठे ठरवू लागला, तर देशादेशांची तुलना करायची कशी? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक गृहीतक दडले आहे, की आकडा सारखा असला की अर्थही सारखा असतो. १९८२ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधील चांगशा येथील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मज्जासंस्थेचा थकवा’ असे निदान झालेल्या १०० जणांपैकी ८७ जण अमेरिकन निकषांनुसार नैराश्याचे रुग्ण ठरले. पण त्यांच्या तक्रारी प्रामुख्याने डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर अशा शारीरिक होत्या. अशा माणसांना केवळ उदासीबद्दल विचारून आलेले गुण बोस्टनमधल्या गुणांशेजारी मांडले, तर ती तुलना दिसायला नेटकी आणि आतून पोकळ असते. तुलनेसाठी प्रत्येक ठिकाणी गुणांची सांगड स्वतंत्र निदानाशी घालावीच लागते. भारतातही हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात निरक्षर ग्रामस्थांसाठी हिंदी एमएमएसई तयार करताना, १९९५ च्या सुमारास, संशोधकांना याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. शिक्षणाचा अभाव हाच स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवत असेल, तर निरक्षरांसाठी उंबरठा खाली आणून आपण त्यांचे खरे आजार झाकत नाही का? शांघायच्या अभ्यासानेच याचे उत्तर दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ४.६ टक्के होते. आणि वेगळे उंबरठे व प्रत्यक्ष तपासणी असूनही कमी शिकलेल्यांत ते अधिक आढळले. चाचणीचा पक्षपात आणि शिक्षणाचा खरा परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या, त्या डॉक्टरांनी माणसे प्रत्यक्ष तपासली म्हणून. सर्वांना सरसकट २४ चा उंबरठा लावून नुसते गुण मोजले असते, तर दोन्हींची सरमिसळ झाली असती.

आता अशा मोजपट्ट्यांच्या आकड्यांवर सेवा आणि पैसा ठरतो. २०१३ मध्ये चीनने परिचर्येच्या श्रेणींचे मानक काढले, त्यात १९६५ ची बार्थेल मोजपट्टी होती: ४० पर्यंत गुण म्हणजे तीव्र परावलंबन, ६० पर्यंत मध्यम, ९९ पर्यंत सौम्य. जेवण, अंघोळ, चालणे, जिने चढणे अशा दहा गोष्टी तिच्यात मोजल्या जातात. प्रचलित नियमानुसार रुग्ण प्रत्यक्षात काय करतो हे नोंदवायचे. काय करू शकेल हे नव्हे. पण घरचे माणूस उशाशी बसून कर्तव्यभावनेने भरवत असेल, तर स्वतः जेवू शकणारा वृद्धही परावलंबी नोंदला जाऊ शकतो. दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचे प्रयोग २०१६ मध्ये १५ शहरांत सुरू झाले, २०२० मध्ये शहरांची संख्या ४९ झाली, आणि २०२१ मध्ये असमर्थतेच्या मूल्यमापनाचे सामाईक मानक आले. अशा ठिकाणी उंबरठ्याच्या जेमतेम अलीकडे आणि पलीकडे असलेल्या वृद्धांचा वर्षभर पाठपुरावा व्हायला हवा: कोण पडले, कोणाला बेडसोर झाले, कोणाच्या मुलीला नोकरी सोडावी लागली. असा अभ्यास वेळखाऊ आणि खर्चिक असतो, आणि त्यातून आणखी एका नव्या प्रश्नावलीचे श्रेयही मिळत नाही. तो करता येईल अशी जागा मात्र परिचारिकांकडेच आहे, कारण गुण देऊन झाल्यावरही रुग्णाजवळ त्याच असतात.