पाचट जळतं, चुनखडी तशीच राहते! रान पेटवल्यावर मातीत नेमकं काय होतं?

चाकूर परिसरातल्या काळ्या रानात ढेकूळ फोडलं, की अनेकदा आत पांढरे खडे दिसतात. ही चुनखडी, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट. अशा रानात सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे पीएच ८ च्या आसपास गेला की मुळांना ते उचलता येत नाही.

मग उन्हाळ्यात धसकटं आणि उसाचं पाचट पेटवून रान भाजून काढलं, तर चुनखडीही जळून जाईल का?

नाही. उलट जे आधीच कमी आहे, तेच जळतं.

किती तापमानाला काय जळतं?

काडीकचरा आणि मातीतले सेंद्रिय पदार्थ २०० अंश सेल्सिअसच्या पुढे करपायला लागतात. ५५० अंशांपर्यंत त्यांची राख होते आणि कर्ब वायू होऊन हवेत जातो. चुनखडीला एवढी धग पुरत नाही. ती पूर्ण फुटायला ९०० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि तेही बराच वेळ टिकावं लागतं. म्हणून तर चुनाभट्टीत दगड आणि कोळसा थरावर थर रचून भट्टी धगधगती ठेवतात. तिथे १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो.

पाचटाची आग काही मिनिटांची. वरचा पातळ थर तापतो, खाली वीतभर खोल खडे जसेच्या तसे.

आणि समजा, चुनखडी फुटलीच, तरी फायदा शून्य! कळीच्या चुन्यावर पाऊस पडला की चुन्याची निवळी होते. तिचा पीएच १२ च्या वर असतो. पुढे हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो. शिवाय पाचटाची राखही अल्कधर्मीच, म्हणजे पीएच वाढवणारी.

मग प्रयोगशाळेत माती जाळतात का?

तत्त्वतः जमतं. ५५० अंशांना घटलेलं वजन सेंद्रिय पदार्थांचं. ९५० अंशांपर्यंत आणखी घटलेल्या वजनाला २.२७ ने गुणलं की चुनखडी. पण काळ्या मातीत गोची आहे. तिच्या चिकणकणांत अडकलेलं पाणीही त्याच धगीत उडतं आणि सेंद्रिय पदार्थांचा आकडा फुगतो. म्हणून माती परीक्षणात सहसा १९३४ ची वॉक्ली-ब्लॅक पद्धत वापरतात. तीत पोटॅशियम डायक्रोमेट वापरून सेंद्रिय कर्ब मोजतात, चुनखडी मध्ये येत नाही. कर्ब ०.५ टक्क्यापेक्षा कमी आला तर तो कमी समजतात.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात, पण त्यात मुक्त चुना नाही. ती तपासणी वेगळी मागावी लागते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर खड्याची पूड करून त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी आहे.

पाचटाचं काय करायचं? कुट्टी करून सरीत पसरावं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, ही नेहमीची शिफारस. कुजताना तयार होणारे पदार्थ लोहाला धरून ठेवतात आणि तेच पुढे मुळांना मिळतं.