अंगठ्याखालचा कोन

वेगवान मोटरबोट चालवणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, असं काठावरून पाहणाऱ्याला वाटतं: सुकाणूचं चाक आणि वेगाचा दांडा. पण त्या दांड्याच्या मुठीत, अंगठा सहज पोहोचेल अशा जागी, एक छोटं बटण असतं. वरच्या बाजूला दाबलं की बोटीमागे पाण्यात उतरलेला यंत्राचा पाय बाहेरच्या बाजूला उचलला जातो. खालच्या बाजूला दाबलं की तो बोटीकडे आत ओढला जातो. याला ट्रिम म्हणतात. वेग थोडा वाढवणारं आणि पेट्रोल थोडं वाचवणारं बटण, एवढीच त्याची ओळख बहुतेक नव्या चालकांना करून दिली जाते. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणातच धोका आहे. बोटीचा किती आणि कोणता भाग पाण्यात राहील हे या बटणावर ठरतं. बोट कशी वळेल, लाटेवर कशी आदळेल, हेही त्यातूनच ठरतं. म्हणून ट्रिम हे सुकाणूच्या बरोबरीचं नियंत्रण आहे आणि पहिल्या धड्यापासून तसंच शिकवलं गेलं पाहिजे.

ज्या यंत्राबद्दल हे बोलतो आहोत ते स्टर्नड्राइव्ह. 1959 साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने ते मांडलं. त्यामागे जिम विन या अमेरिकी अभियंत्याची कल्पना होती. दोनच वर्षांत अमेरिकेतून ‘मर्क्रूझर’ ही स्पर्धक मालिका आली. त्याआधी निवड सरळ होती. एक तर इंजिन बोटीच्या पोटात आणि तळातून तिरका बाहेर पडणारा लांब दांडा, ज्याचा कोन जन्मभर बदलत नाही. नाहीतर अख्खं इंजिनच मागच्या भिंतीवर टांगलेलं, म्हणजे आऊटबोर्ड. स्टर्नड्राइव्हने मोटारगाडीच्या जातीचं इंजिन मागच्या भिंतीला लागून आत ठेवलं आणि प्रोपेलरचा पाय बाहेर बिजागरीवर बसवला. बिजागरी असल्यामुळे तो वर-खाली झुलू शकतो, आणि दोन्ही बाजूंचे हायड्रॉलिक सिलिंडर त्याला हव्या त्या कोनात धरून ठेवतात. सुरुवातीच्या अनेक यंत्रांत हा कोन बोट थांबवून, खीळ एका भोकातून काढून दुसऱ्यात घालून ठरवावा लागे. धावत्या बोटीत तो बदलता येऊ लागला, तेव्हा चालकाच्या हाती खरोखरच नवीन सत्ता आली.

ही सत्ता केवढी, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. 250 अश्वशक्तीचं इंजिन घ्या आणि त्यातली सुमारे 160 अश्वशक्ती प्रोपेलरकडून खऱ्या अर्थाने बोट ढकलण्यात लागते असं धरा. ताशी 65 किलोमीटर वेगाला तो रेटा साधारण 680 किलोग्रॅम वजनाइतका भरतो. पाय पूर्ण आत, म्हणजे सरळ रेषेपासून उणे 5 अंशांवर असेल तर प्रोपेलर पाणी मागे आणि किंचित खाली फेकतो. त्याची प्रतिक्रिया बोटीची पिछाडी सुमारे 60 किलोंनी उचलते आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दाबलं जातं. पाय 10 अंश बाहेर नेला की पाणी किंचित वर फेकलं जातं आणि पिछाडी जवळपास 120 किलोंनी खाली दाबली जाते, नाळ उचलली जाते. दोन्ही टोकांमधला फरक 180 किलोंच्या आसपास, म्हणजे तीन धडधाकट माणसांचा. भर वेगात तीन माणसं बोटीच्या टोकावर नेऊन बसवायची की काढून घ्यायची, हा निर्णय अंगठ्याच्या एका दाबाने होतो. प्रत्यक्षात रेट्याची रेषा बोटीच्या गुरुत्वमध्याच्या किती खालून जाते त्यावरही परिणाम अवलंबून असतो आणि बोटीगणिक आकडे बदलतात. पण त्यांचं मान हेच.

नाळ दोन-चार अंश वरखाली झाली तर एवढं काय बिघडतं? वेगात असलेली ही बोट संथ होडीसारखी पाणी बाजूला सारत तरंगत नाही. तळ्यात चपटा दगड फेकून भाकऱ्या उडवाव्यात तशी ती पाण्याच्या पृष्ठभागावर घसरते, आणि तिचं बरंचसं वजन तळावर आपटणाऱ्या पाण्याचा दाब पेलतो. तो दाब तळाच्या पाण्याशी असलेल्या कोनावर अवलंबून असतो. अमेरिकेतल्या होबोकेन इथल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या डॅनियल सॅवित्स्की यांनी 1964 साली, टाकीतल्या चाचण्यांच्या आधारे, अशा घसरत्या तळांचं गणित मांडलं. ते आजही नौकारचनेत वापरलं जातं. त्यातला मूळ व्यवहार समजण्यासारखा आहे. दोन टनांची बोट 8 अंशांचा कोन करून धावली तर केवळ त्या कलामुळे सुमारे 280 किलोंचा अडथळा सोसावा लागतो. 4 अंशांवर तो 140 किलो, 2 अंशांवर 70. मग कोन शून्याकडे न्यावा? तर नाही. कोन जसा घटतो तसा तेवढंच वजन पेलायला तळाचा जास्त लांब पट्टा पाण्याला टेकावा लागतो, आणि घर्षण वाढत जातं. दोन्हींची बेरीज बहुधा चार-पाच अंशांच्या आसपास सर्वांत कमी भरते. चालक बटणाने हाच कोन शोधत असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो समजूतदार वाटतो. आम्हाला शर्यत लावायची नाही. चार लिटर पेट्रोल जास्त गेलं तरी चालेल, पण पाय कायम पूर्ण आत ठेवला, नाळ खाली राहिली, तर बोट पाण्याला चिकटून सुरक्षित धावेल, असं पुष्कळांना वाटतं. पाण्याला चिकटलेली बोट स्थिर, हा समज जमिनीवरच्या वाहनांवरून आलेला आहे. नाळ खोल बुडाली की पुढचा टोकदार भागच पाणी कापत सुकाणूचं काम करू लागतो, आणि पाण्याचा आडवा विरोध बोटीच्या पुढच्या टोकाला एकवटतो. अशा वेळी चाक जड होतं किंवा एका बाजूला ओढू लागतं. वेगात थोडंसं वळवलं किंवा एखादी आडवी लाट लागली, की नाळ पाण्यात रुतते आणि मोकळी पिछाडी बाहेर फेकली जाते. बोट चालकाने मागितलेल्यापेक्षा कितीतरी जोरात वळते आणि आतली माणसं सरळ रेषेत पुढे जात राहतात, कधीकधी कठड्यावरून पाण्यात. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांहून लहान मोटरबोटींच्या चालकांना, बोटीवर इंजिन बंद करणारा किल-स्विच असेल तर त्याची दोरी अंगाला जोडणं संघीय कायद्याने बंधनकारक झालं. चालक बाहेर फेकला गेल्यावर रिकामी बोट फिरत राहून तिच्या प्रोपेलरने पाण्यातल्या माणसांना गाठू नये, यासाठी ही सक्ती आहे. पाय पूर्ण आत असणं बोट निघताना योग्यच. तेव्हा नाळ आभाळाकडे जाते, समोरचं दिसत नाही आणि ती लवकर खाली यायला हवी असते. पण बोट घसरू लागल्यावरही तो तसाच ठेवणं याला सावधगिरी म्हणता येत नाही.

उलट टोकाचा मोहही खरा आहे. पाय थोडाथोडा बाहेर नेला की इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढतो, चाक हलकं होतं. हे सुख वाटतं, म्हणून बटण दाबलंच जातं. मग एका क्षणी नाळ तालात वर-खाली आपटू लागते. बोटवाले याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. ठरावीक वेगाला आणि वजनाला कोनाची एक सीमा असते, ती ओलांडली की पाण्याचा दाब आणि बोटीचं वजन एकमेकांना शांत करण्याऐवजी चिथावू लागतात. त्यावर उपाय पाय थोडा आत घेण्याचा; आपटण्याच्या तालात दांडा मागे-पुढे करत राहिलं तर हेलकावे वाढायचीच भीती असते. दुसरी खूण कानाला कळते: इंजिन अचानक मोकळं किंचाळतं, पण वेग वाढत नाही. प्रोपेलरने पृष्ठभागावरची हवा ओढून घेतलेली असते. पुष्कळ जण याला कॅव्हिटेशन म्हणतात, पण दाब घटून पाणीच उकळण्याचा तो प्रकार वेगळा. वळणावर बोट कलते आणि प्रोपेलर पृष्ठभागाच्या आणखी जवळ येतो, त्यामुळे पाय बाहेर ठेवून घेतलेल्या वळणात पकड सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त. पकड सुटली की पिछाडी घसरते, आणि ती एकाएकी परत आली की जबर झटका बसतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पाय आत, मग चाक. खोल इंग्रजी व्ही आकाराच्या तळाच्या बोटीत आणखी एक गोष्ट घडते. फारच थोडा तळ पाण्यात उरला की बोट कण्यावर डावी-उजवी डोलू लागते, आणि चालक चाकाने तिला सावरू पाहतो तेव्हा ते डोलणं वाढू शकतं.

लाटा आल्या की एकच ‘योग्य कोन’ उरत नाही. समोरून येणाऱ्या लाटांत पाय थोडा आत हवा, म्हणजे तळाची पुढची धारदार बाजू लाट कापते आणि सपाट भाग आपटत नाही. लाटा मागून येत असतील तर नेमकं उलट: नाळ जरा उंच हवी, नाहीतर बोट एका लाटेवरून उतरताना पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते. उथळ पाण्यात वेग कमी करून पाय उचलता येतो, पण इंजिन थंड ठेवणारं पाणी बहुतेक स्टर्नड्राइव्हमध्ये याच पायातल्या भोकांतून आत जातं. ती भोकं पाण्याबाहेर आली तर इंजिन तापतं. बोट ट्रेलरवर चढवण्यासाठी पाय आणखी वर नेणारं वेगळं बटण असतं. त्या उंचीवर पायाला बाजूचा आधार राहत नाही आणि आतल्या सांध्यांवर तिरका ताण येतो. म्हणून मर्क्रूझरच्या सूचनांत त्या स्थितीत मिनिटाला 1200 फेऱ्यांच्या वर न जाण्याची ताकीद आहे.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा. अमेरिकी तटरक्षक दलाच्या वार्षिक अपघात-अहवालांत दुर्लक्ष, अननुभव, अतिवेग, तीव्र वळण अशी कारणं नोंदवलेली असतात. ‘ट्रिम’ असा रकाना नसतो. मग त्याला एवढं महत्त्व का? कारण ट्रिम त्या रकान्यांच्या आत दडलेला असतो. तेच वळण, तोच वेग, पण पायाचा कोन वेगळा, तर एक बोट सुरळीत वळते आणि दुसरी माणसं फेकते. नोंद मात्र ‘तीव्र वळण’ अशीच होणार. याच अहवालांतली दुसरी नोंद जास्त बोलकी आहे. चालकाच्या प्रशिक्षणाची माहिती उपलब्ध असलेल्या मृत्यूंपैकी अलीकडच्या वर्षांत तीन चतुर्थांशांच्या आसपास मृत्यू सुरक्षा-प्रशिक्षण न घेतलेल्या चालकांच्या बोटींवर झालेले दिसतात. याचा अर्थ ट्रिम शिकवला असता तर ते सारे वाचले असते असा नाही. तेवढा दावा करणं अप्रामाणिक ठरेल. पण न शिकता बोट चालवणाऱ्याला जे कळत नाही त्यात हे बटण नक्की येतं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही आणि मोटारगाडीच्या अनुभवात त्याला जोडच नाही.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा: हे काम आता यंत्र करतं. जीपीएसवरून वेग आणि इंजिनावरून फेरे वाचून पायाचा कोन आपोआप बदलणाऱ्या प्रणाली बाजारात आहेत, त्या चांगल्या चालतात, आणि नवख्याला त्यांनी निःसंशय मदत होते. पण पुढची लाट त्यांना दिसत नाही, आणि वळणाआधी चालकाच्या मनात काय आहे हेही कळत नाही. चार प्रवासी फोटो काढायला उठून नाळेवर गेले, तर तेवढ्यातच वर मोजलेल्या तीन माणसांपेक्षा जास्त वजन सरकलेलं असतं. हा मुद्दा आपल्याकडे लागू आहे. गेटवे ते मांडवा धावणाऱ्या किंवा मालवण, तारकर्ली, गोव्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या स्पीडबोटींना बहुधा आऊटबोर्ड इंजिन असतं, पण कोनाचं शास्त्र तेच, आणि प्रवासी कुठे बसले आहेत हा त्या गणिताचाच भाग. तिथल्या चालकाने ‘उठू नका, जागा बदलू नका’ म्हटलं तर ते ऐकायला हवं.

प्रशिक्षणात काय हवं हेही यातून निघतं, आणि ते खर्चिक नाही. मोकळं, शांत पाणी, अंगाला लाइफ जॅकेट आणि किल-स्विचची दोरी, वेग मध्यम आणि दांडा एका जागी स्थिर. शिकणाऱ्याने पाय पूर्ण आत ठेवून सुरुवात करावी, हलक्या दाबांनी थोडाथोडा बाहेर न्यावा, आणि प्रत्येक टप्प्यावर चाक किती जड आहे, तुषार बोटीच्या कोणत्या भागातून उडतात, फेऱ्यांचा काटा कुठे आहे, हे मोठ्याने सांगावं. नाळ आपटायला लागली की पाय आत घ्यावा. शेवटी तेच सौम्य वळण तीन वेगवेगळ्या कोनांत घ्यावं. तळाचा किती भाग पाण्यात आहे हे तुषारांच्या जागेवरून ओळखता येईपर्यंत वेगाचा दांडा पूर्ण पुढे नेण्याची परवानगी त्याला देऊ नये.