समूह शाळेची जागा: हरकत कशी घ्यायची?

नव्या शाळेच्या जागेला विरोध केला की पहिला टोमणा ठरलेला असतो, "बाबासाहेबांचे नाव घेता आणि शाळेला विरोध करता?" शिरूर-दौंडच्या तरुणांनी या टोमण्याला बिचकू नये. शाळा कुठे बांधायची हे ठरते, त्याच दिवशी तिथे कोण पोहोचणार आणि कोण घरी बसणार हेही ठरते.

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून आपल्याच जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ पुढे ठेवले. इतक्या कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत. शिक्षक संघटना आणि पालकांनी विरोध केला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. एकाच शिक्षकाने चार वर्ग सांभाळणे ही काही आदर्श शाळा नव्हे. पण त्यावर उपाय शिक्षक वाढवणे हाही आहे.

इगतपुरी तालुक्यातील दारेवाडीचे उदाहरण लक्षात ठेवा. भाम धरणामुळे पुनर्वसन झाले आणि शाळा नव्या जागी हलवली गेली. जुन्या वस्तीवर राहिलेल्या मुलांची शाळाच गेली. सप्टेंबर 2022 मध्ये ही मुले नाशिक जिल्हा परिषदेवर धडकली. दप्तरे परत घ्या आणि आम्हाला शेळ्या वळायला द्या, अशी त्यांची मागणी होती. वस्तीवरची शाळा पुन्हा सुरू करावी लागली.

आता आपला भाग पाहा. शिरूरमधून पुणे-नगर महामार्ग जातो, दौंडमधून पुणे-सोलापूर. मध्ये भीमा, कालवे, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारे अंतर सात वर्षांच्या मुलीला उसाच्या कडेने चालायचे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. त्यानंतर तरी 'थोडे चालले तर काय बिघडते' असे कुणी म्हणू नये.

कायदा आपल्या बाजूला आहे, तो नीट वापरावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा अपेक्षित आहे. नियमांत 20 मुलांचा आकडा आहे, पण तो नवी शाळा उघडण्यासंदर्भात आहे. चालू शाळेला टाळे लावायला तो पुढे केला तर तिथेच हरकत घ्या. वाहन देतो असे सांगितले तर खर्च कोणाचा, किती वर्षांचा आणि गाडीत महिला सोबतीला असेल का, हे लेखी मागा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. आपल्या वस्तीतील आई त्या समितीत आहे का? अनेक ठिकाणी नाव असते, पण बैठकीचे बोलावणे नसते.

जागा शोधताना अधिकाऱ्यांचे बोट बहुधा गायरानाकडे जाते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून गायरानाचा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे. तिथे आपली कुटुंबे कसत असतील तर आधी सातबारा आणि जुन्या पीकपाहणीच्या नोंदी काढा. भूमिहीन मागासवर्गीयांची 14 एप्रिल 1990 पूर्वीची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याबाबत 1991 चा शासन निर्णय आहे. तो दावा प्रलंबित असताना शाळेच्या नावाखाली कुटुंब उठवले जाऊ नये, असे हरकतीत स्पष्ट लिहा.

उलट बाजूही डोळ्यांआड करू नका. शाळा बौद्ध वस्तीजवळ येते म्हणून गावातून विरोध होत असेल तर त्याचे मूळ जुने आहे. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. बाकीची मुले शाळा सोडतील या भीतीने मुंबई सरकारने तो नाकारला. अशा वेळी आपण जागेच्या बाजूने उभे राहायचे.

प्रस्तावाची कुणकुण लागताच वस्तीपासून त्या जागेपर्यंत मुलांसोबत चालत जा आणि वेळ, रस्ता, ओढा, महामार्ग सगळे लिहून काढा. ते ग्रामसभेत वाचून ठराव मागा. प्रती गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.