मनगटातली वाट

अँजिओग्राफी करून आलेल्या माणसाला हल्ली निलंग्यात पहिला प्रश्न येतो, ‘हातातून केली का?’ पूर्वी नळी बहुधा जांघेतून घालत आणि मग तासन्‌तास पाय न हलवता उताणे पडून राहावे लागे. आता पेशंट मनगटाला पट्टी बांधून संध्याकाळी उठून बसलेला दिसतो. ही वाट माँट्रियलच्या डॉ. लुसियाँ कांपो यांनी १९८९ मध्ये दाखवली. पुढे १९९२ पासून ॲमस्टरडॅमचे डॉ. किमेनाय तिथूनच अँजिओप्लास्टी करू लागले.

अंगठ्याच्या बाजूची ही रेडियल धमनी म्हणजे वैद्यबुवांची नाडी आणि हकीमसाहेबांची नब्ज. (आमच्याकडे दोन्ही शब्द चालतात, दुखणे तेच असते.) तिची रुंदी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. तीत घालायची नळीही बाहेरून सुमारे अडीच मिलिमीटरची. म्हणजे अरुंद बोळातून भरलेली बैलगाडी नेण्यासारखेच. भिंतींना घासल्याशिवाय ती जाणार कशी?

या भिंतीला आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. रक्ताचा ओघ वाढला की धमनीला सैल व्हायला तेच सांगते, रक्त गोठू न देण्याचे कामही तेच करते. नळीने ते खरवडले जाते. त्यानंतर काही काळ धमनी पूर्वीसारखी सैल होत नाही. बऱ्याच जणांत हा गुण हळूहळू परत येतो, पण आतली भिंत थोडी जाड झालेली राहू शकते. काहींच्या धमनीत गुठळी होऊन ती बंदच पडते.

गंमत अशी, की पेशंटला याचा पत्ता नसतो. करंगळीच्या बाजूने अल्नर धमनी येते, तळहातात दोघींची कमान जुळलेली असते, त्यामुळे हाताला रक्त मिळत राहते. इतकेच नव्हे, उलट्या दिशेने आलेल्या त्या रक्तामुळे बंद धमनीची नाडीही कधी बोटांना लागते. म्हणून डॉक्टर अल्नर दाबून किंवा डॉपलरने तपासतात.

मग चिंता कशाला? कारण ही धमनी पुढे लागू शकते. पुन्हा अँजिओग्राफीला, बायपासच्या वेळी हृदयाला जोडायला, किंवा मूत्रपिंडे थकली तर डायलिसिसचा फिस्टुला करायला. शुगरवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

धमनी वाचवण्याचा उपाय मात्र साधा निघाला. नळी काढल्यावर पट्टा इतका आवळायचा नाही, की रक्ताची वाटच बंद व्हावी. रक्तस्राव थांबावा, पण धमनी वाहती राहावी. अमेरिकेत डॉ. समीर पंचोली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ४३६ पेशंटांवर हे पाहिले. नेहमीच्या दाबाने २४ तासांत १२ टक्के धमन्या बंद झाल्या, बेताच्या दाबाने ५ टक्के. गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनही देतात.

हे वाचून कोणी हातातून नळी नको म्हणू नये. २०११ च्या ‘रायव्हल’ अभ्यासात सात हजारांवर पेशंट होते. त्यात रक्तवाहिनीची मोठी इजा हातातून १.४ टक्क्यांना, जांघेतून ३.७ टक्क्यांना झाली. सौदा हाताचाच बरा.

घरी जाण्यापूर्वी ‘धमनी वाहती आहे का?’ एवढे डॉक्टरांना विचारावे. हात सुजला, गार पडला, बधिर झाला तर थांबू नये. रक्त येऊ लागले तर जागा घट्ट दाबून दवाखाना गाठावा. आणि पुढे कधी बायपासची किंवा फिस्टुलाची गोष्ट निघाली, तर नळी कोणत्या हातातून गेली होती हे सर्जनना आधी सांगावे.