विश्लेषण : आईच्या नावावरून वाईनचा ब्रँड! ‘सुला’ हे नाव कसे ठरले? नावाला एवढे महत्त्व का?

नाशिकची ‘सुला’ आज शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मात्र गंगापूर धरणाजवळच्या कौटुंबिक जमिनीवर उभा राहिलेला तो एक छोटा उद्योग होता. जाहिरातीला मनाई असलेल्या या व्यवसायात नावच ब्रँडची ओळख बनते. ते कसे ठरले आणि त्यावर काय काय अवलंबून असते, याविषयी…

सुरुवात कशी झाली?

संस्थापक राजीव सामंत यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि ऑरॅकल कंपनीत नोकरी केली. नव्वदच्या दशकात ते भारतात परतले. नाशिकच्या जमिनीत त्यांनी आधी आंब्यासारखी पिके घेऊन पाहिली. आजूबाजूला द्राक्षे उत्तम येत होती, पण ती खाण्याची. कॅलिफोर्नियातील वाईनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या मदतीने १९९७ मध्ये सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींची लागवड झाली. पहिल्या बाटल्या २००० मध्ये बाजारात आल्या.

खाण्याच्या द्राक्षांची वाईन का नाही?

थॉमसनसारखी खाण्याची द्राक्षे बिनबियांची, पातळ सालीची असतात. वाईनच्या द्राक्षांचे मणी लहान, साल जाड आणि आत बिया असतात. रेड वाईनचा रंग सालीतून, तर तुरटपणा साल आणि बियांतून येतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. थंड रात्रींमुळे द्राक्षातील आम्लता टिकते.

नाव कुठून आले?

राजीव यांच्या आईचे नाव सुलभा. त्यातले शेवटचे अक्षर वगळून ‘सुला’ तयार झाले. लेबलवर आला मिशीवाला सूर्य. परदेशी वाटेल असे नाव न घेता घरातलेच नाव निवडले गेले. ते छोटे आहे आणि कोणत्याही भाषेत सहज उच्चारता येते.

नावावर एवढी भिस्त का?

महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यानुसार मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. टीव्हीवरही ती दाखवता येत नाही. त्यामुळे नाव, लेबल आणि वायनरीला दिलेली भेट यांवरच ओळख उभी राहते. दुसरे कारण ट्रेडमार्कचे. द्राक्षाच्या जातीचे नाव कोणीही वापरू शकते, त्यावर एकाची मालकी नसते. वेगळे, घडवलेले नाव मात्र नोंदवून जपता येते.

इतर ब्रँडची नावे कशी पडली?

नाशिकच्याच ‘यॉर्क’चा इंग्लंडमधील शहराशी संबंध नाही. संस्थापकांच्या तीन मुलांच्या नावांतील सुरुवातीची इंग्रजी अक्षरे जोडून ते नाव बनले. ही वायनरी २०२१ मध्ये ‘सुला’ने विकत घेतली. अकलूजच्या ‘फ्रातेल्ली’चा इटालियन भाषेतील अर्थ ‘भाऊ’. त्यामागे दोन भारतीय आणि एक इटालियन कुटुंब आहे.

शेतकऱ्यांसाठी यात काय पणाला लागते?

राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणून उत्पादन शुल्कात सवलत दिली. त्यानंतर नाशिक परिसरात अनेक वायनरी उभ्या राहिल्या आणि करार शेती वाढली. पण वाईनच्या द्राक्षाला बाजार समितीत गिऱ्हाईक नसते. वायनरीने माल उचलला नाही, तर ते खाण्यासाठी विकता येत नाही. वेल लावल्यापासून भरघोस उत्पन्न येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, तेव्हा जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या द्राक्षबागा काढून टाकल्या. ‘सुला’ त्या काळात टिकली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. लेबलवर नाव एका घरातले असले, तरी ते बाजारात चालते की नाही यावर अनेक घरांचा हंगाम ठरतो.