बुबुळावरची न भरणारी जखम

मुलांच्या हट्टापायी आणलेलं पिल्लू मुलं कॉलेजला गेली की आईबापांच्या गळ्यात पडतं, हा अनुभव अमेरिकेतल्या पुष्कळ मराठी घरांना आहे. पिल्लू म्हणता म्हणता तेही दहा वर्षांचं होतं, आणि मग म्हातारपणची दुखणी सुरू होतात. गुडघे, दात, थायरॉईड याबद्दल लोक बोलतात. ज्या दुखण्यानं आमच्या घरी जवळजवळ दोन महिने मुक्काम ठोकला, त्याबद्दल मात्र कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हा खटाटोप.

आमचा मोती जातीनं बॉक्सर, वय साडेनऊ. एक डोळा मिचकावू लागला, पाणी गळू लागलं, पंजानं चोळणं सुरू झालं. व्हेटनं डोळ्याला फ्लुओरेसीन लावलं. अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८७१ साली तयार केलेला हा रंग. बुबुळाचा वरचा थर शाबूत असला तर तो चिकटत नाही. थर निघाला असेल तिथे हिरवा चमकतो. मोतीच्या डोळ्यात मसुरीच्या डाळीएवढा हिरवा ठिपका दिसला आणि त्याच्या कडांखालीही रंग शिरलेला होता.

बुबुळावरचा काचेसारखा पडदा म्हणजे कॉर्निया. कुत्र्याचा कॉर्निया जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड असतो. त्यावर साधं खरचटलं तर आठवड्याभरात भरून येतं. पण वय झालेल्या कुत्र्यांत कधीकधी नव्या पेशी येतात आणि खालच्या थराला धरतच नाहीत. ओल्या भिंतीला रंग द्यावा आणि त्याचे पोपडे निघावेत, तशी गत! याला ‘इन्डोलंट अल्सर’ म्हणतात. जुनं नाव ‘बॉक्सर अल्सर’, पण कुठल्याही जातीला तो होतो.

यावर नुसते अँटिबायोटिक ड्रॉप्स घालून भागत नाही. ते जंतूंना दूर ठेवतात, पेशींना चिकटवत नाहीत. त्यामुळे डोळा बधिर करून कोरड्या कापसाच्या काडीनं सुटे पोपडे काढतात. जखम आधीपेक्षा मोठी झालेली बघून आमच्या पोटात गोळा आला, पण तशी ती होणारच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. एवढ्यानं साधारण निम्मी कुत्री बरी होतात. उरलेल्यांच्या बुबुळावर बारीक सुईनं जाळीसारख्या रेघा ओढतात किंवा हिऱ्याची पूड बसवलेल्या छोट्या फिरत्या यंत्रानं तो भाग घासतात. मग बहुतेक जखमा दोन-तीन आठवड्यांत भरतात. काहींना पुन्हा करावं लागतं. वर पट्टी म्हणून चक्क कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. मोतीला लेन्स लावली हे भारतात फोनवर सांगितलं, तर पलीकडे बराच वेळ हसू आवरेना.

सुईचं हे काम वरवरच्या, जंतू न झालेल्या जखमेतच चालतं. खोल जखमेत केलं तर डोळा फुटायची भीती, म्हणून आधी नीट तपासणी हवी. अश्रूही मोजतात: कागदाची पट्टी पापणीत एक मिनिट धरायची, पंधरा मिलिमीटर भिजली तर ठीक. कोरड्या डोळ्यावर जखमा वारंवार होतात. त्या कोरडेपणावर सायक्लोस्पोरिन चालतं हे जॉर्जिया विद्यापीठातल्या रेने कासवान या पशुनेत्रतज्ज्ञांनी दाखवलं. कुत्र्यांसाठी ते औषध १९९५ साली बाजारात आलं, माणसांसाठीच्या ड्रॉप्सना मंजुरी मिळाली २००२ साली. यात श्वानमंडळी आपल्या पुढे होती!

आता खरी धोक्याची गोष्ट. त्या दिवसांत सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. मोतीचे हाल बघवेनात, तेव्हा त्यांनी पर्समधून एक बाटली काढली. “अगं, माझा डोळा दोन दिवसांत बरा झाला यानं. घाल दोन थेंब!” लेबल वाचलं तर त्यात डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. लाली ओसरते, बरं वाटल्यासारखं दिसतं, पण जखम भरणं थांबतं, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि बुबुळ विरघळू लागू शकतं. “आई, हे मोतीला चालत नाही,” म्हणून बाटली परत दिली. दोन दिवस जरा अबोला होता. मध, तूप, हळदीचं पाणीही नको. बधिर करणारे ड्रॉप्सही घरी घालायचे नसतात, त्यानं पेशी मरतात.

डोळ्यातून पिवळा-हिरवा पू, बुबुळ दुधाळ किंवा जेलीसारखं मऊ, जखमेच्या मध्यावर खड्डा, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी, रविवार असला तरी, इमर्जन्सी गाठावी. अशा वेळी कुत्र्याच्याच रक्तातला सीरम ड्रॉप्स म्हणून तासा-दोन तासांनी घालतात. पशुनेत्रतज्ज्ञ हवा असेल तर अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट्सची प्रमाणपत्रधारक मंडळी शोधावीत. खिशाला चाट बसते, हे मात्र खरं.

घरची कामं म्हणाल तर दोन ड्रॉप्समध्ये पाच मिनिटं अंतर ठेवणं आणि गळ्यातला कोन न काढणं. कोन लावलेला मोती फर्निचरवर आदळत फिरायचा, आणि ‘काढा ना त्याचं ते’ असं प्रत्येक पाहुणा म्हणायचा. कोन काढला की पंजाचा एकच फटकारा पुरतो, हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागे. सुईची जाळी दोनदा करावी लागली. दुसऱ्या खेपेनंतर तिसऱ्या आठवड्यात रंग टाकला, तेव्हा हिरवं काही उरलं नव्हतं. हे दुखणं दुसऱ्या डोळ्यालाही होऊ शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यामुळे आता रोज सकाळी चहाआधी दोन्ही डोळे बघतो.