काटेकोर भाषेची शिस्त

संगणकाची दुसरी भाषा शिकणें म्हणजे तेंच काम नव्या शब्दांनीं करणें, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. तो कितपत खरा आहे हें पाहूं. आमचा भंडारा जिल्हा धानाचा. तेव्हां उदाहरणही धानाचेंच घेऊं.

तुमसरच्या बाजारांत एका शेतकऱ्याचीं दोन पोतीं आलीं. एकाचें वजन ४० किलो, दुसऱ्याचें ३८. नवशिका विद्यार्थी पायथॉन भाषेंत दोन्ही आंकडे कळफलकावरून घेतो व त्यांची बेरीज मागतो. उत्तर येतें ४०३८! कळफलकावरून आलेलें सर्व कांहीं पायथॉन अक्षरें म्हणूनच घेते, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे तीं एकापुढें एक मांडणें. यंत्रानें तक्रार केली नाहीं, कारण त्याच्या मतें तक्रारीजोगें कांहीं घडलेंच नव्हतें.

हाच विद्यार्थी सी प्लस प्लस शिकूं लागला म्हणजे कोणत्या नांवाखालीं काय राहणार, पूर्णांक, अपूर्णांक कीं अक्षरें, हें त्यास आधींच लिहून द्यावें लागतें. रस्ट ही भाषा त्याहून कडक. तिची पहिली स्थिर आवृत्ति २०१५ सालीं निघाली. यादींत शेतकऱ्याचें नांव शोधावयास सांगितलें, तर ‘सांपडलें’ आणि ‘सांपडलें नाहीं’ या दोन्ही शक्यता ती एकत्र बांधून हातीं देते; त्यांचा निवाडा केल्यावांचून आंतील वजन वापरतां येत नाहीं. चूक उघडकीस येते ती आज्ञावली चालण्यापूर्वींच, तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करणाऱ्या कंपायलरच्या हातून.

प्रथम हा जाच वाटतो. पंधरा ओळींवर वीस तक्रारी पाहून कित्येकांचा धीर सुटतो. त्या तक्रारींची भाषाही कांहीं गोड नसते! परंतु कांहीं महिन्यांनीं तोच विद्यार्थी लिहिण्यापूर्वीं स्वतःस विचारूं लागतो: हा आंकडा किलोंत कीं क्विंटलांत? तो कोठून येणार? आलाच नाहीं तर? पुढें तो पायथॉनकडे परतला तरी हे प्रश्न त्याची पाठ सोडीत नाहींत. २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून पायथॉनमध्येंही प्रकार नोंदविण्याची ठरीव रीत आहे. ती ऐच्छिक आहे, व पायथॉन स्वतः ती नोंद तपासून पाहत नाहीं. तरी असा विद्यार्थी ती आपण होऊन लिहितो. एका दिवसापुरत्या हिशेबाला मात्र इतका खटाटोप नको.

किलो-क्विंटलांचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. १९९९ च्या सप्टेंबरांत अमेरिकेचें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान मंगळाशीं पोहोंचतांच कायमचें हातचें गेलें. जमिनीवरील एक आज्ञावली इंजिनांच्या रेट्याचा हिशेब पौंडांच्या मापांत देत होती; पुढें तो न्यूटनांच्या मापांत आहे असें समजून वापरला गेला. फरक सुमारें साडेचार पटींचा. पण यंत्रापुढें तो नुसता आंकडा होता. केवळ काटेकोर भाषेनें हें टळलें असतें, असें मात्र नव्हे. पौंड आणि न्यूटन हे निराळे प्रकार आहेत हें माणसानें तिला सांगितलें, तरच ती त्यांची सरमिसळ अडविते. धानाच्या ओलाव्याबद्दल चुकीच्या दरानें वजावट केली, तर कोणताही कंपायलर अवाक्षर काढणार नाहीं. तो दर हिशेब लिहिणारानेंच पडताळून पाहिला पाहिजे.